मिटवामिटवी शिकलेल्या बायका

अत्याचार सोसणाऱ्या बायकांना सोबत करण्याच्या आमच्या प्रशिक्षणाला ज्या येतात, त्यांच्यात मला सगळ्यात जड जातात त्या, ज्यांचं गावात आधीच नाव आहे. बचत गटाची अध्यक्ष, आशा, अंगणवाडीसेविका, एखादी महिला पोलीस पाटील. ओळख करून देतानाच त्या सांगतात, "आमच्या गावातली एकबी बाई आजवर चौकीची पायरी चढली न्हाई. सगळं मी घरातल्या घरात मिटवते." बाकीच्या माना डोलावतात. नवऱ्याने मारलं, बाई माहेरी आली, चार माणसं बसली, नवऱ्याला दम दिला, बाईला समजावलं, साडी-चोळी करून परत धाडली. या कामाला हुशारी लागते. कुठल्या भावकीत कुणाचा शब्द चालतो, कुणाला सकाळी गाठायचं, संध्याकाळी कुणाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. मला ती हुशारी हवीच असते. पण ती आता गावाच्या बाजूने न वापरता बाईच्या बाजूने वापरायची, हे त्यांच्या गळी उतरवणं नवख्या मुलीला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

दोष त्यांचा एकट्यांचा नाही. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवा आणि लोकसंख्येच्या हिशेबाने बक्षीस घ्या. बांधाचे, सामाईक विहिरीचे, गाईगुरांचे कितीतरी वाद त्यामुळे खरोखर कोर्टात जायचे वाचले. ते मी नाकारत नाही. पण कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं; तो २६ ऑक्टोबर २००६ चा. बाईला दाद मागायला पहिल्यांदाच घराजवळचं दार उघडलं होतं, आणि गावाला बक्षीस होतं ते दारापर्यंत कुणी न गेल्याचं. कमानीवर 'तंटामुक्त गाव' रंगवलेलं अजूनही कुठे कुठे दिसतं. त्या कमानीखालून सासरी आलेल्या बायकांचं काय झालं, याचा हिशेब कुठल्या समितीने ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून आम्ही पहिल्या दिवशी कायदा काढतच नाही. बैठक भरवतो, खोटी. एकीने नवरा व्हायचं, एकीने सासू, एकीने सरपंच, दोघी-तिघींनी मामा-काका, आणि एकीने मार खाल्लेली सून. बायका यात रंगतात. सासू झालेली असं काही बोलते की पंचायत समितीचा सगळा हॉल हसतो. सरपंच नसलेल्या मिशीला पीळ देतो. थोड्याच वेळात समेट होतो, 'परत हात उचलणार नाही' अशा कागदावर नवरा सही करतो, टाळ्या पडतात. मग मी सुनेला विचारते, "तू काय म्हणालीस?" पाथर्डीकडच्या एका मावशींनी यावर जागेवरूनच उत्तर दिलं, "मला कुणी इचारलंच न्हाई की. मी नुस्ती पदर घेऊन बसले व्हते." एरवी त्या स्वतः अशा बैठकांत पुढे बसणाऱ्या. त्या दिवशी उरलेल्या वेळात त्या फारशा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी हजर होत्या.

'तुला काय पाहिजे?' हा प्रश्न विचारायला शिकवता येतो. त्यानंतरची शांतता सोसायला शिकवणं मोठं कष्टाचं. समोरची बाई दोन मिनिटं गप्प बसली की आमची कार्यकर्ती ती जागा भरून टाकते. जुनी असेल तर "पोरांकडं बघ गं", तरुण असेल तर "सोड त्या मेल्याला." दोन्ही निकालच. मला दुसरी पिढी पहिलीपेक्षा आवडते, पण तीही निकालच देते. सोड म्हणणारीच्या घरी ती आज रात्री झोपणार आहे का, उद्या पोराची शाळा कुठली, याचं उत्तर जवळ नसताना दिलेला सल्ला तिच्या अंगावर येतो. आम्ही जोड्या लावतो. एकीने सांगायचं, दुसरीने फक्त ऐकायचं. सल्ला, उसासा, 'माझ्या नणंदेचंही असंच झालं' यातलं काहीच नाही. पाच मिनिटांचा हा खेळ. बायकांना तो उपासापेक्षा कडक वाटतो.

देशभरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं आढळलं, आणि मागितली त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरच्यांकडे. म्हणजे आपल्यापुढे येऊन बसलेली बाई बहुधा आईच्या दारावरून परत आलेली असते. तिला आणखी एक आई नको असते.

आणि तिला जे हवं असतं ते पुष्कळदा अगदी बेताचं असतं. मार थांबावा, घर सुटू नये. धाकटं पोरगं आपल्याजवळ असावं. दागिने, निदान मणीमंगळसूत्र, परत मिळावं. काडीमोड नको, नवऱ्याला तुरुंग नको. नेमकी इथे कायद्याची ओळख करून द्यायला मला सोपं जातं, कारण २००५ चा कायदा याच मागण्यांच्या मापाने शिवलेला आहे. कलम १८ खाली मारहाण थांबवण्याचा आदेश, १९ खाली घरात राहण्याचा, २० खाली खर्चाचा, २१ खाली मुलांच्या ताब्याचा, २२ खाली भरपाईचा. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घरगुती घटनेचा अहवाल. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा, त्याला एक वर्षापर्यंतची कैद. "पण घर तर सासूच्या नावावर हाय," हा प्रश्न हॉलमध्ये येतोच येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सुनेचं सामाईक घर असू शकतं. हे सांगितल्यावर ज्या वह्या तोवर बंद असतात त्याही उघडतात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, हे मी सांगते. तारखा किती पडतात हेही सांगते. पहिलं सांगून दुसरं लपवलं तर कार्यकर्तीचा शब्द तिच्याच गावात खोटा पडतो.

पोलीस ठाण्याचा भाग आम्ही कागदापासून शिकवतो. नावं काळी केलेल्या दोन झेरॉक्स, एक एनसीची, एक एफआयआरची. फरक ओळखा. पुष्कळ जणींना ओळखता येत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण बायका एनसीचा कागद रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपून ठेवतात. आपली केस झाली आहे, अशा भरवशावर. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, तो कागद तिथेच संपतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. छळाचं ४९८-अ कलम १९८३ पासूनचं; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ८५ झालं. लैंगिक गुन्ह्याची खबर नोंदवून घेतली नाही तर त्या अधिकाऱ्यालाच शिक्षा आहे, नवीन संहितेत कलम १९९. एफआयआरची प्रत फुकट मिळते. एवढं पाठ असलं की पुरे.

त्याहून कामाची आहे ती वही. ठाण्यात कार्यकर्तीने तिच्या वतीने बोलायचं नाही, शेजारी बसायचं आणि लिहायचं: आलो किती वाजता, ठाणे अंमलदाराचं नाव काय, काय म्हणाले, कुठला कागद दिला. भांडायचं नाही. आवाज चढवणारी कार्यकर्ती बाहेर काढता येते, लिहिणारीला काढणं अवघड. एका ठाण्यात आमच्या एका आशाताईला साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण लागता हिच्या?" ती म्हणाली, "कुणी न्हाई साहेब, सोबत आलेय," आणि नाव लिहून घेण्यासाठी त्यांच्या छातीवरची पट्टी वाचू लागली. तिने सांगितलेला हा किस्सा आता प्रत्येक बॅचला सांगितला जातो आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. परवा ऐकलं तेव्हा साहेबांनी चहाही मागवला होता.

बलात्काराच्या विषयावर आलो की हॉलमधली हवा बदलते. मारहाणीबद्दल मोकळं बोलणाऱ्या बायका पदराचं टोक पिळायला लागतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मग ती वरडली का न्हाई?" मी चिडत नाही. हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. मथुरा या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून १९७८ मध्ये न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. आज कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अंगाने विरोध केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातल्या मुलीमुळे हे घडलं, हे कळल्यावर बायका तो प्रश्न परत विचारत नाहीत असं नाही. पण विचारताना थबकतात.

मग दवाखाना. हे मी घाईने उरकत नाही, कारण इथे तास मोजावे लागतात. आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण केली असेल, धुतले असतील, तरीही जायचं. कपडे कागदी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही, ओलाव्याने पुरावा सडतो. आधी पोलिसांचं पत्र आणा, असं दवाखाना म्हणू शकत नाही. उपचार फुकट, सरकारी असो की खासगी. तपासणीला ती नाही म्हणू शकते आणि नाही म्हणूनही तिला उपचार मिळतातच. बोटं घालून करायची ती तपासणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की जो करेल त्याच्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ ची आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेने महापालिकेबरोबर 'दिलासा' केंद्र सुरू केलं ते त्याच्या कितीतरी आधी, आणि तिथे रुग्णालयातल्याच माणसांना या कामासाठी तयार केलं गेलं. मला त्यातलं एवढंच उचलावंसं वाटतं: जी बाई रोज त्या वऱ्हांड्यात असते, तिलाच शिकवा. आमच्याकडे ती आशा आहे. बाळंतिणीला घेऊन ती एरवीही रात्री-अपरात्री ग्रामीण रुग्णालयात जातच असते, सिस्टर तिला नावाने ओळखतात.

नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं) जातीचं नाव न काढता हे प्रशिक्षण होऊच शकत नाही. सोनई २०१३ आणि खर्डा २०१४, दलित तरुणांच्या हत्या; कोपर्डी २०१६, मराठा मुलीवरचा बलात्कार आणि खून. या गावांची नावं हॉलमध्ये निघाली की बायका आपापल्या बाजूला सरकतात. कोपर्डीनंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्या काळात प्रशिक्षणाला येणारी प्रत्येक जण फाशीबद्दल बोलत होती. फाशीच्या चर्चेत मला भाग घ्यायचा नसतो. मी एवढंच विचारते की तुमच्या गावात गेल्या वर्षी ज्या पोरीला काही झालं, ते कुणी केलं? चुलत्याने, दिराने, शेजारच्या दुकानदाराने. आणि कुठल्या जातीच्या पोरीसाठी आपण गाडी काढली? दलित किंवा आदिवासी बाईवर अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने अत्याचार केला तर ॲट्रॉसिटीचं कलम लागतं आणि तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ते कलम लावायचं राहून गेलं तर जामीनही सोपा होतो आणि मदतही बुडते. हे कार्यकर्तीला माहीत हवं. पण त्याआधी तिने त्या वस्तीत जाऊन पाणी प्यायला हवं. जेवणाच्या सुट्टीत डबे कसे उघडतात, कोण कुणाच्या पोळीला हात लावतं, ते मी बघत असते. माझी अर्धी परीक्षा तिथेच होते.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूला दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. ऊसतोडीला माणसं जातात ती जोडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर. आता बाईने नवऱ्याला सोडायचं म्हटलं तर उचल फेडायची कुणी? अर्धा कोयता कुणी ठेवत नाही. एखादीवर कोपीत अतिप्रसंग झाला तर तो कोल्हापुरात किंवा थेट कर्नाटकात, आणि ती बोलते हंगाम संपून पट्टा पडल्यावर, गावी आल्यावर. म्हणून या तालुक्यांत आम्ही दोन गोष्टी आधी शिकवतो. गुन्हा कुठेही घडला असला तरी आपल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. आणि २००५ च्या कायद्याखालचा अर्ज ती जिथे तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही करता येतो. उचलीच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे कलम नाही.

तसंच लहान वयाच्या लग्नांचं. पोरगी गावात एकटी ठेवायची कशी, म्हणून तोडीला जायच्या आधी लग्न उरकतात. गावातला ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे ग्रामसेवकालाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी दवाखान्यात आली की पोक्सोखाली डॉक्टरला कळवणं भाग आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या निकालानंतर अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच. हे बरोबरच आहे. पण हे कळल्यावर घरचे तिला दवाखान्यातच आणत नाहीत, आणि ती बातमी आशालाच असते. श्रीगोंद्याच्या एका आशाताईने विचारलं होतं, "मॅडम, मी सांगितलं तर नवरा आत जातो, न्हाई सांगितलं तर पोर मरंल. मी काय करू?" आधी जीव, मग कागद, पण कागद टाळायचा नाही. माझं उत्तर हेच असतं. ते अपुरं आहे हे तिलाही कळतं.

प्रशिक्षण कसं घ्यावं याबद्दल मात्र या जिल्ह्याला कुणाकडून उसनं आणायची गरज नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा बायकांना, त्यांत दलित बायकाही होत्या, गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या एकदा शिकून मोकळ्या झाल्या नाहीत. पुन्हा पुन्हा केंद्रावर यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, त्यातून पुढचं शिकायच्या. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज बॅनर, चहा, हजेरीपट, फोटो आणि प्रमाणपत्र असं तीन दिवसांत जे उरकलं जातं, त्याला मी प्रशिक्षण मानत नाही. आमची बैठक महिन्यातून एकदा, तालुक्याच्या बाजारच्या दिवशी. बाजाराला निघालेल्या बाईला कुणी 'कुठं चाललीस' विचारत नाही. पिशव्या भिंतीशी, भाजी वाळू नये म्हणून वर ओला फडका, आणि मध्ये केसेस. नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही. 'माझ्याकडची एक' एवढंच.

या बैठकांतच कधीतरी 'माझ्याकडची एक' म्हणजे ती स्वतःच निघते. नवऱ्याची जबरदस्ती हा विषय काढला की असं होतं. अठराच्या वरच्या बायकोवर नवऱ्याने केलेला बलात्कार आपलं दंडविधान बलात्कार मानत नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मात्र लैंगिक छळ ही हिंसाच आहे. हे सांगून झाल्यावर पन्नाशीची एक बाई म्हणाली, "म्हंजे त्याला नाव हाय तर." अशा बाईने लगेच दुसऱ्या कुणाची केस हातात घेऊ नये, असं पुस्तकी मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. अशा बायकांना थोडा काळ जोडीने काम द्यावं, रात्रीचे फोन दुसरीकडे वळवावे. पण कामातून काढू नये. गावात त्यांच्याइतकं चटकन दुसऱ्या कुणाच्या लक्षात येत नाही.

राहण्याच्या सोयीचं मी थोडक्यात सांगते, कारण ती सोयच थोडकी आहे. सरकारच्या सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं. नगरमध्ये १९८९ पासून स्नेहालय आहे. ते वेश्यावस्तीतल्या बायका-मुलांसाठी उभं राहिलं. १८१ आणि ११२ हे मदतीचे क्रमांक पाठ हवेत, बलात्कारित मुलीसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो हे माहीत हवं. त्यापलीकडे प्रश्न येतो तो सहाव्या दिवशीचा.

आणि सहाव्या दिवशी पुष्कळ जणी परत जातात. यावर दरवेळी हॉलमध्ये भांडण होतं. "रातच्याला गाडी करून नेली, ठाण्यात चार तास बसले, माझ्या घरच्यांचं बोलणं खाल्लं, आन ही परत त्याच्याच दारात. मंग कशाला मरायचं आपण?" रागाचं मी काही करू शकत नाही. तो खरा आहे, आणि या कामाचे पैसे आशाच्या मानधनात कुठेच धरलेले नाहीत, हेही खरं. मी फक्त एवढंच फळ्यावर लिहून घेते की ती परत गेली तर आपण काय काय करू. उत्तरं बायकांचीच येतात. आधार, पासबुक, पोराचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स शेजारच्या आळीत एका घरी. फोनमध्ये आपला नंबर 'गॅसवाला' म्हणून. दवाखान्याचा केसपेपर फाडून टाकला तर दुसरी प्रत कुठे मिळते ते. तिला 'बघ, मी सांगितलं होतं' म्हणायचं नाही. ज्या मावशी पहिल्या दिवशी पदर घेऊन नुसत्या बसल्या होत्या, त्यांनी शेवटी हात वर केला. त्या अंगणवाडीच्या. म्हणाल्या, "तिच्या घरी जायाला मला कारण लागत न्हाई. आहाराची पाकिटं द्यायला मी जातेच की. आता फकस्त एक करीन. तिच्या पोराचं वजन महिन्याला करायचं, त्ये दर आठवड्याला करीन. सासू ईचारंल तर सांगीन, पोरगं कमी वजनाचं हाय, वरून आर्डर हाय."

"आणि खरंच कमी वजनाचं आहे का?" मी विचारलं.

"त्ये नऊ किलोचं ठणठणीत हाय," मावशी म्हणाल्या, आणि मी फळ्यावर लिहून घेतलं.